एकास पस्तीस

माझ-५४३ या सोव्हिएत लष्करी ट्रकच्या केबिनला गंज लागत नाही. ती पत्र्याची नाहीच, फायबरग्लासची आहे. तरीही स्कड क्षेपणास्त्र वाहणाऱ्या या आठचाकी गाडीची प्रतिकृती करणारे कितीतरी जण केबिनच्या कडांवर आणि दाराखालच्या पट्टीवर मोठ्या प्रेमानं तांबूस गंज रंगवतात. काम सफाईचं असतं, बघणारा दादही देतो. पण ते चूक असतं. फायबरग्लासला ओरखडा उठला तर खाली फिकट थर दिसेल, कड टवका उडून तुटेल, रंग उन्हानं खडूसारखा भुरभुरीत होईल. गंजाचा ओघळ मात्र येणार नाही. तो चासीवर, चाकांच्या लोखंडी रिमवर, क्षेपणास्त्र उचलणाऱ्या चौकटीच्या सांध्यांवर शोभतो.

स्केल मॉडेलिंग हा छंद बाहेरून चिकाटीचा आणि स्थिर हाताचा वाटतो. चिकाटी लागतेच, तिची तारीफही पुष्कळ होते. मला मात्र त्यातला रंगतदार भाग निराळा वाटतो, तो म्हणजे मूळ यंत्र वाचणं. कुठला भाग कशाचा बनलाय, तो तिथेच का बसवलाय, कुठे हात लागून रंग उडतो आणि कुठे कुणाचा हात कधी पोचतच नाही. किटच्या खोक्यात आकार मिळतात, कारणं मिळत नाहीत. ती ज्याची त्यानं शोधायची. स्कडची गाडी याबाबत फार उदार आहे, कारण तिच्या प्रत्येक विचित्र अवयवामागे काही ना काही सबळ कारण आहे.

तिच्या तोंडापासूनच बघा. दोन केबिन, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधे खाच. ही खाच हौसेची नाही. सुमारे सव्वाअकरा मीटर लांबीचं क्षेपणास्त्र आडवं ठेवल्यावर त्याचं टोक या दोन केबिनच्या मधे येऊन विसावतं, त्यामुळे गाडी आणखी लांब आणि उंच करावी लागत नाही. मिन्स्कच्या कारखान्यात बोरिस शापोश्निक यांच्या हाताखाली हे वाहन आकाराला आलं. आत बारा सिलिंडरचं, ३८.८ लिटर क्षमतेचं, ५२५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ रणगाड्याच्या इंजिनाच्याच घराण्यातलं. क्षेपणास्त्राचं सोव्हिएत नाव आर-१७. ‘स्कड-बी’ हे नाटोनं ठेवलेलं नाव. सोव्हिएत रचनाकार मकेयेव यांच्या संस्थेनं ते घडवलं आणि १९६२ मध्ये ते सोव्हिएत सैन्यात दाखल झालं. पल्ला ३०० किलोमीटर, वजन सहा टनांच्या जवळपास. सुरुवातीला ते जड स्वयंचलित तोफेच्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या सांगाड्यावर बसवलेलं होतं. चाकांची ही गाडी नंतर आली. तिला ९पी११७ हा क्रमांक मिळाला, आणि ‘उरागान’, म्हणजे तुफान, हे नाव.

आता प्रमाणाचं. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा उंच मावळा आणि तोफेएवढी कोंबडी आपण आनंदानं चालवून घेतो. मॉडेलिंगमध्ये ते चालत नाही. एकदा प्रमाण ठरलं की ठरलं. लष्करी वाहनांसाठी १/३५ हे प्रमाण जगभर रूढ झालं, पण त्यामागे भूमितीचा काही थोर सिद्धांत नाही. जपानच्या तामिया कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या मावाव्यात इतकं त्याचं अंग रुंद ठेवलं. नंतर हिशेब केला तर प्रमाण निघालं साधारण एकास पस्तीस. पुढे सगळ्यांनी तेच उचललं. त्या बॅटऱ्या थोड्या बारीक असत्या तर आज साऱ्या जगाची कपाटं वेगळ्या मापाची असती.

या मापात तेरा मीटरहून लांब असलेली स्कडची गाडी ३८ सेंटिमीटर भरते, रुंदी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. क्षेपणास्त्र ३२ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर जाड. हिशेब उलटाही चालतो, आणि तोच जास्त उपयोगी पडतो. प्रतिकृतीवर एक मिलिमीटर जाडीची वायर लावली तर प्रत्यक्षात ती ३५ मिलिमीटरची नळी झाली. हायड्रॉलिकच्या बारीक नळीसाठी अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची किंवा शिशाची तारच हवी. रंगाचा जाड थर बसला तर तो पस्तीसपट गुणला जातो आणि पत्र्यावर डांबर फासल्यासारखं दिसतं. म्हणून एअरब्रशनं, पातळ रंगाचे झिरझिरीत थर एकावर एक.

१/३५ मध्ये ही गाडी आधी ड्रॅगननं काढली, पुढे चीनच्या ट्रम्पेटरनं बऱ्याच अधिक तपशिलानं. खोकं उघडलं की स्प्रूवर स्प्रू (सुटे भाग धरणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटी), आम्लानं कोरलेली पितळी फोटोएच पत्री, डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, पारदर्शक काचा, टायर. नवशिक्याचा हात आधी क्षेपणास्त्राकडे जातो. जाऊ देऊ नये. सुरुवात चासीपासून, आणि चासी जोडायची ती काचेच्या तुकड्यावर ठेवून. आठही चाकं एका वेळी टेकली पाहिजेत. एक चाक केसभर जरी वर राहिलं, तरी सदतीस टनांची गाडी कागदाची वाटायला लागते. पुढची चाकं वळवून दाखवायची असतील तर एक गोष्ट बघावी: माझ-५४३ मध्ये पुढच्या दोन्ही आसांची चाकं वळतात, पण सारखी वळत नाहीत. दुसऱ्या आसाची कमी वळतात, कारण वळणाच्या केंद्रापासून त्यांचा कोन निराळा पडतो. चारही समांतर वळवली तर गाडी चालवणाऱ्या कुणालाही ते खटकेल. टायर मऊ असतील तर रिमवर रंगाचा नीट थर देऊनच चढवावेत. काही मऊ टायरमधलं द्रव्य वर्षानुवर्षांत पाझरतं आणि शेजारचं कडक प्लास्टिक खात बसतं.

क्षेपणास्त्र दोन उभ्या अर्ध्यांत येतं. ते जोडणं सोपं, सांधा घालवणं कठीण. पातळ सिमेंट प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतं. थोडं दाबून धरलं की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वळी वर येते. ती पूर्ण वाळू द्यावी, मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावी. इथे उतावळेपणा नडतो. एकाच जागी घासत राहिलं तर गोल नळीला सपाट पट्टा पडतो, आणि रंग दिल्यावर उजेडाची रेघ तिथेच मोडते. कागद नळीभोवती गुंडाळून फिरवावा. शेपटाकडे नोझलच्या तोंडाशी चार पात्या असतात. उड्डाणाच्या सुरुवातीला ज्वाळेत राहून याच पात्या क्षेपणास्त्राची दिशा वळवतात. त्या ग्राफाइटच्या. चांदीसारखा रंग देण्याचा मोह होतो, पण ग्राफाइट काळपट राखाडी, चमक नसलेलं.

क्षेपणास्त्राच्या अंगावर हिमाचा थर दाखवणंही असंच चुकीचं. जर्मनीच्या व्ही-२ क्षेपणास्त्रामध्ये द्रवरूप ऑक्सिजन होता, म्हणून त्याच्यावर बर्फ जमे. स्कडमध्ये केरोसीनच्या जातीचं इंधन आणि नायट्रिक आम्ल; दोन्ही नेहमीच्या तापमानाला द्रवच राहतात. म्हणूनच तर ते रानात, रस्त्याकडेला उभं करून सोडता येत असे. ते आम्ल मात्र भयंकर. इंधन भरणारे सैनिक रबरी पोशाखात आणि मुखवट्यात दाखवावेत. गाडीशेजारी नुसते उभे असलेले तसे दाखवू नयेत.

रंगाचा क्रम ठरलेला आहे. प्रायमर, मूळ हिरवा, सपाट भागांच्या मध्यावर किंचित फिकट छटा, मग चकचकीत वार्निश, त्यावर डेकल, पुन्हा वार्निश, नंतर खाचांमधून पातळ तेलरंगाचा वॉश, आणि शेवटी मॅट. चकचकीत थर वगळला तर डेकलखाली हवा अडकते आणि भोवती चंदेरी कड दिसते. आपल्याकडे यात पावसाळा भर घालतो. जुलैमध्ये कोकणात किंवा मुंबईत लॅकर फवारा. हवेतला ओलावा त्यात शिरतो आणि वाळताना पांढुरकी साय धरते. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम.

यानंतर धूळ, चिखल, ओरखडे. इथे माझं मत जरा कडवट आहे. अलीकडे गाड्या इतक्या झिजवतात की त्या शाळेच्या मैदानावर विसरलेलं भंगार वाटाव्यात. क्षेपणास्त्राची गाडी ही कुठल्याही सैन्यातली जपलेली, तपासलेली, बऱ्याचदा झाकून ठेवलेली वस्तू. चिखल चाकांना आणि चासीला, धूळ पायऱ्यांवर. क्षेपणास्त्र जवळजवळ स्वच्छ. उलट संग्रहालयातली गाडी बघून रंगवणंही धोक्याचं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जरूर जावं, जोडणीचे सांधे, बोल्टांची ठेवण, पट्ट्यांची झीज डोळे भरून बघावी. पण तिथला रंग प्रदर्शनासाठी दिलेला असतो, तो पुरावा धरू नये.

इराकी गाडी करायची तर आणखी काम. इराकनं स्कडच्या टाक्या लांबवल्या, स्फोटक घटवलं आणि ‘अल-हुसेन’ तयार केलं. पल्ला सुमारे ६५० किलोमीटर. सुरुवातीला तर तीन स्कड मोडून दोन अल-हुसेन बनत. प्रतिकृतीत यासाठी क्षेपणास्त्राचा मधला भाग साडेतीन सेंटिमीटरहून थोडा जास्त वाढवावा लागतो. १९८८ मध्ये हीच क्षेपणास्त्रं तेहरानवर पडली. १९९१ मध्ये इस्रायल आणि सौदी अरेबियावर. त्या वर्षी २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियातल्या धाहरानच्या बराकीवर एक पडलं आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. टेबलावरच्या प्लास्टिकला हात लावताना हे आकडे माहीत असलेले बरे. काही जण म्हणतात छंदात हे कशाला. मला तर ते ज्यांना माहीत नाही त्यांचं काम कुठेतरी खोटं पडतं असंच वाटतं.

१९९१ च्या याच युद्धात प्रतिकृतींनीही भाग घेतला, पूर्ण आकाराच्या. इराकनं वाळवंटात स्कडच्या बनावट गाड्या उभ्या केल्या. काही इतक्या हुबेहूब की जवळ गेल्याशिवाय कळत नसे. अमेरिका आणि मित्रदेशांच्या विमानांनी शेकडो फेऱ्या केल्या, वैमानिकांनी गाड्या उडवल्याचे दावे केले. युद्धानंतर अमेरिकी हवाई दलानंच करवून घेतलेल्या पाहणीत फिरती स्कड गाडी नष्ट झाल्याचा एकही पक्का पुरावा हाती लागला नाही. एकास एक प्रमाणातली मॉडेलं करणाऱ्यांनी कुठला तपशील घेतला आणि कुठला सोडला हे बघण्यासारखं आहे. वरून, दुरून, घाईत बघणाऱ्याला जेवढं दिसेल तेवढंच त्यांना करायचं होतं. आपला प्रेक्षक नाक काचेला टेकवून बघतो.

शेवटचा निर्णय, क्षेपणास्त्र आडवं की उभं. उभं केलं तर मागचे जॅक जमिनीला टेकलेले हवेत, चौकट मागच्या बिजागरीवर नव्वद अंशांत उभी हवी, प्रक्षेपण मेज खाली उतरलेलं हवं. आडवं असेल तर हे सगळं मिटलेलं. उभं अर्थातच देखणं दिसतं. पण त्याला मेजासकट एक फुटाहून जास्त उंची लागते, आणि आपल्या घरातल्या शोकेसचे कप्पे पुस्तकं आणि ट्रॉफ्यांच्या मापानं केलेले. त्यामुळे बहुतेक घरांत स्कड आडवंच राहतं, आणि उभं हवं असेल तर आधी सुताराला बोलवावं लागतं.