दुखण्यातला सोबती

काही दुखणी पाहुण्यासारखी असतात. ताप येतो, गोवर येतो, कांजिण्या येतात. आठ-पंधरा दिवस मुक्काम करतात आणि निघून जातात. परंतु दमा, मधुमेह, अपस्मार यांसारखी दुखणी पुष्कळदा वर्षानुवर्षे वस्तीला राहतात. अशा दुखण्यांना दीर्घकालीन आजार म्हणतात. ज्या मुलाला असा आजार असतो, त्याला दोन दुःखे सोसावी लागतात. पहिले शरीराचे, त्यावर डॉक्टर उपाय करतात. दुसरे एकटेपणाचे; त्यावरील उपाय सोबत्यांच्या हाती असतो. हा उपाय मुलांना शिकविण्याचे काम काही चित्रपुस्तकांनी मोठ्या खुबीने केले आहे.

चित्रपुस्तक आणि आजारी मूल यांचे नाते जुने आहे. इंग्लंडमध्ये नोएल मूर नावाचा पाच वर्षांचा मुलगा आजारी होता. त्याची आई पूर्वी बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांची शिक्षिका होती. ४ सप्टेंबर १८९३ रोजी पॉटरबाईंनी स्कॉटलंडहून नोएलला पत्र लिहिले. काय लिहावे हे सुचेना, म्हणून त्यांनी सशाच्या चार पिलांची गोष्ट लिहिली आणि मधूनमधून चित्रे रेखाटली. गोष्टीतील खोडकर पीटर बागेतून कसाबसा जीव वाचवून घरी येतो, तेव्हा त्यालाही बरे वाटत नाही. आई त्याला निजवते आणि काढा पाजते. आपल्याप्रमाणेच एक ससाही अंथरुणात पडला आहे, हे पाहून आजारी मुलाला धीर का वाटणार नाही? नोएलने ते पत्र जपून ठेवले. त्यावरूनच तयार झालेले पीटर सशाचे पुस्तक १९०२ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर पोहोचले.

दुसरे उदाहरण जपानचे आहे. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या शाळेच्या आठवणी ‘तोत्तोचान’ या पुस्तकात सांगितल्या. हे पुस्तक १९८१ साली निघाले व पुढे मराठीतही आले. ते केवळ चित्रांचे पुस्तक नाही. परंतु चिहिरो इवासाकी यांच्या कोमल जलरंगांतील चित्रांनी ते नटलेले आहे. तोत्तोचानचा मित्र यासुआकी याला पोलिओ झाला होता. शाळेतील इतर मुलांप्रमाणे त्याला झाडावर चढता येत नसे. तोत्तोचानने त्याला आपल्या झाडावर येण्याचे आमंत्रण दिले. तिने शिडी आणली, पण ती उपयोगी पडली नाही. मग तिने घडीची शिडी ओढत आणली. घामाघूम होऊन अखेर तिने त्याला वर घेतले. पोलिओ तिला बरा करता येणार नव्हता. झाडावरून जग पाहण्याचा आनंद मात्र तिने मित्राला दिला.

आज अनेक देशांत मुलांच्या आजारांविषयी चित्रपुस्तके निघतात. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. मधुमेहाचेच उदाहरण घेऊ. मुलांना बहुधा होणाऱ्या प्रकारात शरीर इन्शुलिन तयार करीनासे होते. त्यामुळे अन्नातून मिळालेली साखर रक्तातच साचते. पेशींना ती पुरेशी मिळत नाही. चित्रकार इन्शुलिनला किल्लीचे रूप देतो. पेशीचे दार बंद असते, साखर बाहेर ताटकळते; किल्ली आली की दार उघडते. मित्र रोज टोचून का घेतो, याचा उलगडा या एका चित्राने होतो. हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, आणि शेजारी बसल्याने कोणाला लागतही नाही, हेही मुलांना समजते.

परंतु एवढ्याने भागत नाही. रक्तातील साखर एकाएकी उतरली, तर खेळताखेळता मुलाचे हात थरथरतात, घाम फुटतो, त्याला गोंधळल्यासारखे होते. अशा वेळी ताबडतोब साखर किंवा गोड पेय द्यावे व मोठ्या माणसांना बोलवावे. मूल बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात काही घालू नये. जाणता सोबती हे ओळखतो. अजाणता सोबती हसतो. या दोघांतील अंतर कधीकधी प्राणांचे असते.

चांगल्या चित्रपुस्तकाची एक खूण आहे. त्यातील आजारी मूल केवळ आजारी नसते. ते खेळते, रुसते, भांडते, विनोद करते. त्याचे दुखणे गोष्टीचा एक भाग असते. संपूर्ण गोष्ट नसते. दया दाखविणारा वरून पाहतो, मित्र शेजारी बसतो.

मुलांनो, तुमच्या वर्गातही असा एखादा सोबती असेल. त्याची जागा रिकामी दिसली, तर त्या दिवसाचा अभ्यास त्याला नेऊन द्या. धावण्याच्या खेळात त्याला दम लागत असेल, तर त्यालाही खेळता येईल असा खेळ काढा. औषधाची वेळ डॉक्टर ठरवितात. सोबतीला वेळ पाहावी लागत नाही.