कानापुढचा सांधा : आवाज म्हणजे आजार नव्हे

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडले की जो हलतो, तो जबड्याचा सांधा. तो बिजागरीसारखा फिरतो आणि पुढेही सरकतो. पुढे घसरलेली कूर्चेची चकती जागेवर परतताना ‘कट्’ वाजते. वेदना नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर या आवाजाला उपचार लागत नाहीत. दुखतात ते बहुधा चावण्याचे स्नायू. मग दोष दातांच्या ठेवणीला का देतात? १९३४ मध्ये अमेरिकी डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी मागचे दात गमावण्याशी जबड्याच्या या दुखण्याचा संबंध जोडला. पुढील अभ्यासांत तो टिकला नाही. म्हणून दात घासून कमी करण्यासारखा, मागे न फिरवता येणारा उपाय आधी नकोच. मऊ आहार, शेक, हलका व्यायाम, ओठ मिटून दात सुटे ठेवण्याची सवय : बहुतेकांना एवढ्याने उतार पडतो.

तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावावीत, साधारण ४० मिलिमीटर. सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंड आखडत असेल, तर दोष सांध्याचा नसून गालाच्या आतल्या अस्तराचा असू शकतो. त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखून कानशीलही ठणकू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दृष्टी जाण्याचा धोका असतो.