घाट चढण्यापूर्वी

हुबळीचा कोप्पीकर रोड हा वास्तविक खरेदीचा रस्ता. परंतु दहावीचे निकाल लागल्यानंतरच्या दिवसांत तेथे मराठी आणि कोकणी बोलणारी जी कुटुंबे भेटतात, त्यांच्या हातांत खरेदीच्या पिशव्यांबरोबर पी. यू. कॉलेजांची माहितीपत्रकेही असतात. कोणी अनमोडचा घाट चढून गोव्याहून आलेले असतात, तर कोणी अरबैलच्या घाटाने कारवार-अंकोल्याहून. मुलाला वसतिगृहात ठेवायचे, दोन वर्षे ‘इंटिग्रेटेड’ अभ्यासक्रमात घालायचे आणि मग वैद्यकीय वा अभियांत्रिकी शिक्षणाचे दार उघडेल अशी आशा धरायची, हा आता अनेक घरांचा परिपाठ झाला आहे. ही आशा गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ती डोळसपणे धरली जाते काय, याविषयी आम्हांस शंका आहे.

शिक्षणासाठी घाट चढणे किनाऱ्याला नवे नाही. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मुंबई इलाख्यास जोडला गेला आणि १९५६ पर्यंत कारवार व धारवाड एकाच प्रांतात नांदले. १९१७ मध्ये धारवाडला कर्नाटक कॉलेज निघाले आणि या साऱ्या भागाला उच्च शिक्षणाचे एक जवळचे ठिकाण मिळाले. त्या पिढ्या घाट चढत, कारण घाटाखाली कॉलेज नव्हते. आज गोव्यात आणि कारवारातही उच्च माध्यमिक शिक्षणाची सोय आहे. गोव्याचे स्वतंत्र परीक्षा मंडळ तर १९७५ पासून आहे. म्हणजे आजचा घाट कॉलेजसाठी नसून कॉलेजच्या नावाखाली चालणाऱ्या शिकवणीसाठी चढला जातो, हे आधी स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

मग कोणता अभ्यासक्रम श्रेष्ठ? कर्नाटकाच्या पी. यू. परीक्षेत दोन भाषा आणि चार ऐच्छिक विषय असतात; एकूण गुण ६००. भाषांच्या यादीत मराठीही आहे, ही गोष्ट पुष्कळ पालकांच्या गावीही नसते. केंद्रीय मंडळाच्या बारावीला पाच विषय पुरतात आणि एका भाषेवर भागते. केंद्रीय मंडळाचा विद्यार्थी ‘नीट’मध्ये आपोआप पुढे जातो, हा समज मात्र आता फारसा टिकणारा नाही. कर्नाटकातील पी. यू.ची विज्ञान शाखाही एन. सी. ई. आर. टी.च्या अभ्यासक्रमावर चालते, आणि ‘नीट’ वा ‘जेईई’ उमेदवाराला त्याच्या मंडळाबद्दल अधिकउणे गुण देत नाही.

मोठ्या शहरांतील काही शाळांतून आलेला इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा अभ्यासक्रम अगदी निराळा. १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या संस्थेच्या या पदविकेत सहा विषय घ्यावे लागतात. त्यांत साहित्य, दुसरी भाषा, समाजशास्त्रे, विज्ञान आणि गणित यांपैकी एकही गट टाळता येत नाही. शिवाय ४,००० शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र प्रबंध लिहावा लागतो. अमेरिकेतील ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ ही मात्र पदविका नव्हे. त्यात एकेका विषयाची परीक्षा देऊन १ ते ५ असे गुणांकन मिळते आणि चांगल्या गुणांकनास तेथील अनेक विद्यापीठे श्रेय देतात. परदेशी जाणाऱ्यास हे दोन्ही मार्ग उपयोगी आहेत. परंतु ज्याला भारतात डॉक्टर व्हायचे आहे त्याला पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय हवेत, आणि ते बॅकलॉरिएटच्या सहा गटांच्या चौकटीत सहजी बसत नाहीत. तात्पर्य, कोणत्या दारावर थाप मारायची ते ठरल्यावाचून कोणता रस्ता चांगला हे सांगता येत नाही.

आता ज्याचा विचार सर्वांत कमी होतो, त्या मुद्द्याकडे वळू. कर्नाटकाच्या सी. ई. टी.साठी सर्वसाधारणपणे त्या राज्यात सात वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. कारवारच्या मुलाला याची चिंता नाही. परंतु गोव्याहून वा सिंधुदुर्गातून दोनच वर्षांसाठी आलेल्या मुलाला या नियमाने कर्नाटकाच्या जागा सहसा मिळत नाहीत. उलट महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्याच्या ८५ टक्के वाट्यासाठी दहावी आणि बारावी त्याच राज्यातून झालेली असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. एन. आय. टी.मधील निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात आणि गृहराज्य ठरते ते बारावी जेथून झाली त्यावरून. म्हणजे हुबळीत बारावी झालेला गोव्याचा विद्यार्थी कुंकळ्ळीच्या वाटेवर परराज्याचा ठरतो आणि सुरतकलला घरचा! हे काहींना लाभाचेही होईल. पण लाभ असो वा हानी, ती फी भरण्यापूर्वी कळायला हवी, नंतर नव्हे.

दुसरी गोष्ट मंडळाच्या परीक्षेची. ‘इंटिग्रेटेड’च्या धांदलीत ती केवळ उपचार मानली जाते. परंतु कर्नाटकात अभियांत्रिकीचा क्रमांक बारावीच्या आणि सी. ई. टी.च्या गुणांना निम्मे-निम्मे वजन देऊन लावतात. आय. आय. टी. आणि एन. आय. टी.च्या प्रवेशालाही बारावीत ७५ टक्के गुण, अथवा आपल्या मंडळातील वरच्या २० शततमकांत स्थान, अशी अट आहे. नुसत्या नावनोंदणीपुरत्या चालणाऱ्या शाळांवर केंद्रीय मंडळाने २०२४ मध्ये कारवाई करून त्यांतील काहींची संलग्नता काढून घेतली, हेही पालकांनी विसरू नये.

पण आमचा खरा आक्षेप याहून खोल आहे. २०२५ पासून ‘नीट’मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवावे लागतात, म्हणजे प्रश्नागणिक एक मिनिट. या एका मिनिटासाठी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची दोन वर्षे घाण्याला जुंपली जातात. त्यात प्रयोगशाळा जाते, वाचन जाते, आणि आपल्या भाषेत चार ओळी नीट लिहिण्याची सवयही जाते. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि कन्नडचे थोर कवी होऊन १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. प्रत्येक मूल बेंद्रे होत नाही, हे खरेच. पण भाषा ही ओझे नसून शिदोरी असते, एवढे तरी त्यांच्या उदाहरणावरून उमजावे.

म्हणून पालकांना आमची नम्र सूचना अशी की, घाट चढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मुलाला स्वतःला काय शिकायचे आहे? बारावी येथून झाली तर कोणत्या राज्याच्या कोणत्या जागा मिळतील आणि कोणत्या जातील? आणि प्रवेश मिळाला नाहीच, तर या दोन वर्षांतून त्याच्या पदरी काय उरेल? पहिल्या दोहोंची उत्तरे त्या त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेत आणि घरच्या बोलण्यात सापडतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र कॉलेजकडून मागून घ्यावे, आणि जे कॉलेज ते देऊ शकत नाही त्याची पायरी चढू नये. जागा थोड्या आणि उमेदवार फार, हे चित्र लवकर पालटणारे नाही. अशा वेळी जे मूल रिकाम्या हातांनी घाट उतरेल, ते रिकाम्या मनाने तरी उतरू नये, याची काळजी घेणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.