तान्ह्या पोळ्यासाठी नंदीचा केक

श्रावण अमावस्येला पोळा होतो. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात आणि विदर्भात बालगोपाळांचा तान्हा पोळा भरतो. चाकांचे लाकडी नंदी झूल, गोंडे, घुंगरांनी सजवून मुले तोरणाखाली आणतात आणि नंतर घरोघरी जाऊन बोजारा घेतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघूजींनी सुरू केली, असे सांगितले जाते. अलीकडे काही घरांत बोजाऱ्यासोबत केकही दिला जातो. तो नंदीच्याच आकाराचा असेल, तर बालगोपाळांच्या आनंदाला पारावार राहत नाही.

पिठाला आकार देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पोळ्याच्या दिवसाचे दुसरे नाव पिठोरी अमावस्या. चौसष्ट योगिनींच्या पिठाच्या मूर्ती पूजण्याची रीत या नावामागे आहे. युरोपात ईस्टरला दोन भागांच्या साच्यात कोकराच्या आकाराचा केक भाजतात, त्यामागेही सणाच्या प्राण्याला घरातल्या पिठातून साकारण्याची हीच ओढ आहे.

मात्र एक आक्षेप हमखास येतो. ज्या बैलाची पूजा केली, त्याच्यावर सुरी चालवायची कशी? शेतकरी घरातील वडीलधाऱ्यांची ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. देशातील गोवंशीय नरांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६.७९ कोटी होती, ती २०१९ मध्ये ४.७४ कोटींवर आली. शहरातील पुष्कळ मुलांच्या वाट्याला बैल येतो तो लाकडाचाच. अशा वेळी त्याच्याविषयीचा आदर केकमुळे उणावू नये, ही अपेक्षा रास्त होय. पण आषाढ अमावस्येला अनेक घरांत पिठाचे दिवे पूजून नंतर तुपासोबत खातात, हेही विसरू नये. यातून मार्ग निघतो. पूजा लाकडी नंदीचीच करावी आणि केक पूजेत न मांडता बोजाऱ्याचा खाऊ म्हणून ठेवावा. तरीही मन धजत नसेल, तर चौकोनी केक शेतासारखा सजवून त्याच्या शेजारी लाकडी नंदी उभा करावा.

बैल कोणता करावा? आपल्या नागपूर-वर्धा भागाचा गवळाऊ. पांढरा ते राखाडी रंग, लांबट अरुंद तोंड आणि आखूड, बोथट शिंगे ही त्याची ओळख. केकसाठीही तो सोयीचा, कारण खिल्लारसारखी लांब शिंगे केकवर टिकत नाहीत. नंदी बसलेलाच करावा. उभ्या केकचे पाय भार पेलत नाहीत.

साहित्य : मैदा २८० ग्रॅम, गोड कन्डेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, दूध २५० मिलीलिटर, बेकिंग पावडर दीड चमचा, खाण्याचा सोडा पाऊण चमचा, व्हिनेगर १ मोठा चमचा, वेलची-जायफळ पूड. आवरणासाठी काजू ३०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, पाणी पाऊण वाटी. शिवाय थोडा संत्र्याचा मार्मालेड.

कृती : लोणी व कन्डेन्स्ड मिल्क फेसावे. मैदा, पावडर, सोडा एकत्र चाळून दुधासोबत आलटून पालटून मिसळावा. वेलची-जायफळ पूड घालून शेवटी व्हिनेगर घालावे. अंड्याविना केक फुगतो तो सोडा आणि आम्ल यांच्या संयोगातून निघणाऱ्या वायूमुळे. म्हणून मिश्रण तयार होताच भाजायला ठेवावे. लांबट डब्यात शरीर, एका वाटीत डोके आणि लहान वाटीत वशिंड भाजावे. ओव्हन १७० अंशांवर असावा. वाट्या २० ते २५ मिनिटांत, तर डबा ४५ ते ५० मिनिटांत तयार होतो. काडी कोरडी निघाली की केक झाला. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये मिठाचा थर देऊन, शिट्टी व रबरी रिंग काढून मंद आचेवर भाजावा.

केक पोळ्याच्या दिवशीच करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. गार केक भुसभुशीत राहत नाही, कापताना चुरा कमी पडतो. सकाळी डोके पुढून निमुळते कोरावे आणि सर्व भाग मार्मालेडने जोडावेत. ताजी संत्री या दिवसांत नसतात, पण मार्मालेडमुळे नागपूरची चव येते.

श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत फेटलेले क्रीम ओघळते. त्याऐवजी काजूकतलीचे आवरण घ्यावे. साखरेचा एकतारी पाक करून काजूची पूड घालावी, गोळा होईपर्यंत ढवळावे आणि कोमट असतानाच प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटावे. हा रंग गवळाऊच्या कांतीला शोभतो. थोड्या गोळ्यात केशर वा बिटाचा रस मिसळून झूल व गोंडे करावेत. शिंगेही काजूचीच, डोळ्यांना मनुका.

वाटताना आधी झूल आणि गोंडे चिमुकल्यांच्या हाती द्यावेत, मग मागच्या बाजूने तुकडे करावेत. डोके शेवटी घरातील मोठ्यांनी हाताने मोडून वाटावे. तोवर बैलाच्या खांदेमळणीची, आवतणाची आणि झडत्यांची माहिती मुलांना सांगावी, म्हणजे केकच्या निमित्ताने खऱ्या बैलाचीही त्यांना ओळख होईल.