विश्लेषण : खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत पहिले कोरल कधी सोडावे? घाई का महागात पडते?

टाकी बसवून पंधरा दिवस झालेले असतात. पाणी नितळ, निळा दिवा सुरू, तापमान २५ अंश. आत मात्र नुसते दगड आणि वाळू. दुकानात पाहिलेले हिरवे-केशरी कोरल डोळ्यांसमोरून हटत नाही आणि शनिवारी ते घरी येते. पुढच्या शनिवारी ते मिटलेले असते, त्यानंतरच्या आठवड्यात विरघळू लागते. खाऱ्या पाण्याचा छंद अनेकांना इथेच सोडावासा वाटतो. चूक कोरलची नसते, दुकानदाराचीही बहुधा नसते. टाकी तयार झालेली नसते, एवढेच. भारतात आणखी एक अडचण आहे. परदेशी व्हिडीओंमध्ये नवशिक्यांसाठी सुचवली जाणारी काही कोरल इथल्या कायद्याने संरक्षित आहेत. त्यामुळे ‘कधी’ आणि ‘कोणते’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे खरेदीआधीच हवीत.

कोरल म्हणजे नेमके काय?

कोरल म्हणजे प्रवाळ. ते झाडासारखे दिसत असले तरी प्राणी आहे. पॉलिप नावाचे छोटे जीव एकत्र राहून त्याची वसाहत तयार होते. टाकीत ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशापासून अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. पाणी जास्त तापले किंवा प्रकाश एकदम वाढला की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडते आणि कोरल पांढरे पडते. लक्षद्वीपच्या समुद्रात २०२४च्या उष्णतेत जे दिसले, तेच लहान प्रमाणात घरच्या टाकीतही घडू शकते. समुद्राचे तापमान एक अंशाने वाढायला दिवस लागतात. ३० लिटरच्या टाकीचे तापमान दुपारच्या दोन तासांतही वाढू शकते.

नितळ पाणी पुरेसे का नाही?

माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, कुजणारे कण यांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. दगडांवर आणि वाळूत वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यालाच टाकी ‘सायकल’ होणे म्हणतात.

यासाठी मासा सोडून त्याचे हाल करण्याची गरज नाही. अमोनियाचे द्रावण मोजून घालता येते. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर जिवाणू कामाला लागले असे समजावे. पण हा पहिलाच टप्पा झाला.

तपकिरी थर आला म्हणजे टाकी बिघडली का?

नाही. सायकल पूर्ण झाल्यावर वाळू आणि दगडांवर तपकिरी थर चढतो. ते डायटम असतात. मग हिरवे शैवाल येते, कधी लालसर चिकट पापुद्रेही दिसतात. नव्या पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी सूक्ष्मजीवांची चाललेली ही स्पर्धा असते आणि ती काही आठवडे ते काही महिने चालते. घाबरून रसायने ओतली किंवा सगळे पाणी बदलले, तर तीच स्पर्धा पुन्हा सुरू होते. या काळात शंखवर्गीय गोगलगायी आणि एखादा मासा पुरेसा असतो. नवे कोरल आणले तर हेच शैवाल त्याच्यावर चढून त्याला झाकून टाकते.

म्हणून टाकी सुरू केल्यापासून दोन ते तीन महिने थांबणे शहाणपणाचे. दगडांवर गुलाबी-जांभळे कठीण ठिपके दिसू लागले, तर ते पाणी स्थिरावत असल्याचे चांगले लक्षण मानले जाते.

कोणते आकडे जुळायला हवेत?

क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट घनता सुमारे १.०२६. तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. नायट्रेट आणि फॉस्फेट पूर्ण शून्यावर नेणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. मऊ कोरलना थोडे पोषण लागतेच.

यातला एखादा आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालते, रोज बदलत राहिलेला चालत नाही. सलग दोन आठवडे मोजणी जवळपास सारखी आली, की पहिल्या कोरलचा विचार करावा.

पाणी उडाले तर काय होते?

टाकीतले पाणी उडते, मीठ मागे राहते. ३० लिटरच्या टाकीत ३५ पीपीटी क्षारतेला सुमारे १,०५० ग्रॅम मीठ असते. तीन लिटर पाणी उडाले की तेच मीठ २७ लिटरमध्ये उरते आणि क्षारता जवळपास ३९ पीपीटी होते. कोरलसाठी हा मोठा धक्का आहे. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडे, शुद्ध पाणी घालावे. खारे पाणी घातले तर मीठ वाढतच जाते. पहिल्या टाकीसाठी शक्य असेल तर १०० लिटरच्या आसपासचा आकार निवडावा, कारण जास्त पाण्यात बदल हळू होतात.

पाणी कुठले, हाही प्रश्न आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, बोअरवेलच्या पाण्यात भरपूर क्षार. पिण्याच्या पाण्याच्या अनेक घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी काही क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. टाकीला टीडीएस शून्याच्या जवळ असलेले, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनमधून गेलेले पाणी लागते. त्यात टाकीसाठीचे समुद्री मीठ मिसळावे. शहराजवळच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणणे टाळावे. त्यात सांडपाणी आणि तेल मिसळलेले असू शकते.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत नुसत्या पंख्याने टाकीचे तापमान आवरत नाही, चिलर लागतो. त्याचा खर्च आणि वीजबिल आधीच धरावे. वीज जाण्याचे प्रमाण जास्त असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असायलाच हवा.

कायदा काय सांगतो?

भारतात सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आले. म्हणजे वाघाइतकेच संरक्षण. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी हाजी अली आणि वरळीतल्या प्रवाळ वसाहती २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या, त्या याच संरक्षणामुळे.

परदेशी याद्यांत हमखास दिसणारी हॅमर, टॉर्च, डंकन, कँडी केन ही सगळी कठीण प्रवाळ आहेत. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही यातून सुटत नाही. त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला पांढरा तुकडा टाकीची शोभा म्हणून उचलू नये. टाकीत मानवनिर्मित किंवा सिरॅमिक दगड वापरावेत. कोरल घेताना शास्त्रीय नाव लिहिलेले बिल मागावे आणि आयात केलेले असेल तर कागदपत्रे पाहावीत. विक्रेता नाव सांगायला कचरत असेल, तर ते कोरल घेऊ नये.

मग सुरुवात कोणत्या कोरलने करावी?

मऊ कोरलच्या गटापासून. मशरूम कोरल, म्हणजे डिस्कोसोमा, मंद प्रकाशात आणि संथ प्रवाहात टिकते. झोअँथिड रंगीत बटणांसारखे दिसतात आणि मध्यम प्रकाशात पसरतात. सार्कोफायटन हे छत्रीसारखे लेदर कोरल पाण्यातले छोटे चढउतार सोसते. झेनियाचे पॉलिप उघडझाप करतात. ते पाहायला छान असले तरी फार वेगाने पसरतात, म्हणून झेनिया वेगळ्या दगडावरच ठेवावे. हे कोरल कॅल्शियमचा दगडी सांगाडा बांधत नाहीत. त्यामुळे सुरुवातीला आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तरी भागते. महागडी डोसिंग यंत्रणा पहिल्या दिवशी घ्यावी लागत नाही.

टाकीत सोडताना काय करावे?

पिशवी १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे. मग कोरल भांड्यात घेऊन टाकीचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडावे. कोरल डिपमध्ये बुडवून अंडी, किडे, छोटी ॲनिमोन दिसतात का ते पाहावे. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पहिले काही दिवस कोरल तळाशी, कमी प्रकाशात ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ठरलेल्या जागी न्यावे. एका वेळी एकच कोरल आणावे. तीन आणली आणि एक बिघडले, तर कारण शोधणे अवघड जाते.

हातमोजे कशासाठी?

काही झोअँथिड आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआ या जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. त्वचेवरची जखम, डोळे किंवा श्वास यांतून ते शरीरात जाऊ शकते. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरच्या टाकीतले कोरल साफ करताना विषबाधा झाली. कुटुंबासह मदतीला धावलेले कर्मचारी मिळून दहा जणांना रुग्णालयात न्यावे लागले. कोरल हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. कोरल असलेला दगड गरम पाण्यात धुऊ नये, उकळू नये, कोरडा घासू नये. लहान मुलांचा हात टाकीत जाणार नाही, याची काळजी घ्यावी. हाताळणीनंतर ताप, धाप लागणे किंवा डोळ्यांची जळजळ जाणवली, तर डॉक्टरांना कोरलबद्दल आवर्जून सांगावे.

कोरल मिटले तर?

पहिले दोन-तीन दिवस मिटलेले राहणे स्वाभाविक आहे. सार्कोफायटन तर अधूनमधून आठवडाभर मिटते, मेणासारखा पातळ पापुद्रा टाकते आणि पुन्हा उघडते. अशा वेळी त्याला रोज नव्या जागी हलवू नये. आधी क्षारता, तापमान आणि अमोनिया मोजावा. कोरलचा भाग गळू लागला, तपकिरी चिकट स्राव आणि दुर्गंधी आली, तर मात्र ते लगेच बाहेर काढावे, नाहीतर अमोनिया वाढून बाकीच्यांनाही धोका होतो. मोजणी रोज त्याच वेळी करून वहीत किंवा फोनमध्ये तारखेसह टिपून ठेवावी. पहिले कोरल महिनाभर नीट उघडत राहिले आणि नोंदींतले आकडे जागेवर राहिले, तरच दुसऱ्यासाठी दुकानात जावे.