सावळ्या चेहऱ्यावरील पांढरे मलम

१९९० च्या दशकातील क्रिकेटचे सामने ज्यांनी पाहिले असतील, त्यांना नाकावर व गालांवर पांढऱ्या मलमाचे जाड पट्टे ओढून मैदानात उतरणारे गोलंदाज आठवत असतील. ते मलम झिंक ऑक्साइडचे, म्हणजे जस्ताच्या भस्माचे असे. गोऱ्या खेळाडूच्या चेहऱ्यावर त्या पट्ट्यांनी एक प्रकारचा रुबाब येई. तेच मलम सावळ्या किंवा काळ्या चेहऱ्यावर पसरून लावले, तर रुबाब बाजूलाच राहतो आणि चेहरा राख फासल्यासारखा करडा दिसू लागतो. भारतातील बहुसंख्य लोकांची त्वचा गव्हाळ ते काळी या छटांत मोडते. तेव्हा खनिज सनस्क्रीन घेणाऱ्याची पहिली तक्रार हीच असावी, यात नवल नाही. केवळ रूपाची तक्रार म्हणून ती बहुधा हसण्यावारी नेली जाते. वस्तुतः तिच्या मुळाशी प्रकाशशास्त्रातील एक साधी गोष्ट आहे, आणि ती उमगली म्हणजे कोणते मलम घ्यावे याचा उलगडाही बराचसा होतो.

सावळ्या माणसाला सनस्क्रीन हवेच कशाला, असाही प्रश्न विचारला जातो, आणि तो अगदीच गैर नाही. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य रंजकपेशींत तयार होते. या पेशींची संख्या सर्व मानवांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या कणिकांचे आकारमान, संख्या व मांडणी यांत. १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की काळ्या त्वचेचे बाह्य आवरण तीव्र जंबुपार (अतिनील) किरणांपासून सरासरी १३.४ पट संरक्षण देते, तर गोऱ्या त्वचेचे ३.४ पट. म्हणूनच उन्हाने कातडी लाल होऊन सोलणे किंवा उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग यांचे भय सावळ्या लोकांत पुष्कळच कमी असते. परंतु त्यांचे दुखणे वेगळे आहे. ज्या रंजकपेशी त्यांचे रक्षण करतात, त्याच किरकोळ कारणानेही चेतावतात. मुरूम बरा होतो आणि त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो; गरोदरपणात गालांवर वांग उठतो आणि प्रसूतीनंतरही पुष्कळदा हटत नाही. या डागांवर ऊन पडत राहिले, तर कोणत्याही औषधाचा गुण टिकत नाही.

आता हे ऊन म्हणजे नेमके काय? जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत जंबुपार किरणांचा वाटा पाच-सहा टक्केच असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा वाटा मात्र निम्म्याच्या आसपास असतो. दीर्घ काळ असे समजले जात होते, की त्वचेवर परिणाम करणारे किरण हे ४०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे, म्हणजे जंबुपारच होत. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग.) २०१० साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथील संशोधकांनी सावळ्या व काळ्या त्वचेवर जवळजवळ निव्वळ दृश्य प्रकाश पाडून पाहिला, तेव्हा ती त्वचा काळवंडली, आणि तो काळेपणा लांब तरंगांच्या जंबुपार किरणांनी आलेल्या काळेपणापेक्षा गडद व अधिक टिकाऊ ठरला. गोऱ्या त्वचेवर त्याच प्रकाशाने असा काळेपणा आला नाही. पुढे २०१८ साली फ्रान्समधील नीस येथील संशोधकांनी दाखवून दिले, की रंजकपेशींत ऑप्सिन-३ नावाचे प्रथिन असते व ते निळा प्रकाश ओळखते. डोळ्यातील प्रकाशग्राही प्रथिनांचे हे भावंडच म्हणावयाचे. त्वचेलाही एका अर्थी निळा रंग दिसतो!

येथे पांढऱ्या मलमाची उणीव उघडी पडते. पांढरा पदार्थ पांढरा का दिसतो? दृश्य प्रकाशातील कोणताही रंग तो गिळत नाही म्हणून. झिंक ऑक्साइड सुमारे ३८० नॅनोमीटरपर्यंतचे किरण शोषून घेते आणि तेथेच थांबते. दुसरे खनिज टिटॅनियम डायॉक्साइड. भिंतींच्या पांढऱ्या रंगात वापरतात तेच. आखूड तरंगांच्या किरणांविरुद्ध ते प्रबळ आहे, लांब तरंगांविरुद्ध जस्ताहून दुबळे. त्याचा वक्रीभवनांक हिऱ्याहूनही अधिक असल्यामुळे ते प्रकाश फार विखुरते आणि सावळ्या त्वचेवर जस्तापेक्षाही पांढरे दिसते. ही खनिजे आरशाप्रमाणे किरण परतवून लावतात, ही समजूत पुष्कळ जाहिरातींत आढळते. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांप्रमाणे जंबुपार किरणांपैकी जेमतेम चार-पाच टक्केच परतविले जातात. मुख्य काम शोषणाचेच.

पांढरेपणा घालविण्यासाठी कारखानदारांनी कण शंभर नॅनोमीटरहूनही बारीक केले. दृश्य प्रकाश त्यांतून सहज पार होतो, म्हणून मलम पारदर्शक दिसते. रूपाची तक्रार मिटली. पण जो निळा प्रकाश डाग वाढवितो, तोही त्याच वाटेने आत शिरतो. वांग असलेली एखादी स्त्री असे महागडे मलम नेमाने लावीत राहते, डाग मात्र हटत नाही, आणि मग ती कोणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमकडे वळते. त्याने कातडी पातळ होते, मुरूम उठतात आणि डागही पुन्हा येतो.

या पेचातून सुटका करणारा पदार्थ फार जुना आहे: लोहाचे ऑक्साइड. तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू तांबडा दिसतो, याचाच अर्थ तो निळा प्रकाश गिळतो. पिवळ्या व काळ्या लोहऑक्साइडांचेही तसेच. त्यांच्या योग्य मिश्रणाने मलमाला त्वचेचा रंग येतो, करडेपणा जातो आणि निळा प्रकाशही अडतो. एका उपायाने रूप व रक्षण दोन्ही साधावी, असा योग विरळाच. मेक्सिकोतील सान लुइस पोटोसी येथे वांगाच्या रुग्णांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत (२०१४) लोहऑक्साइडयुक्त सनस्क्रीन वापरणाऱ्यांना केवळ जंबुपार किरण रोखणाऱ्या सनस्क्रीनपेक्षा अधिक गुण आला. डागावरील औषध दोन्ही गटांना एकच दिलेले होते. मात्र बाजारातील गेरू चेहऱ्याला चोळू नये. सौंदर्यप्रसाधनांतील लोहऑक्साइड कृत्रिम रीतीने बनवून शुद्ध केलेले असते; खाणीतील मातीत शिसे व आर्सेनिक असू शकते.

तेव्हा वेष्टनावर काय पाहावे? एसपीएफ हा अंक त्वचा लाल होण्यावरून, तोही गोऱ्या लोकांवर मोजलेला असतो. दृश्य प्रकाशाबद्दल तो काहीच सांगत नाही. तो ३० किंवा अधिक असावा. पीए या अक्षरांपुढे अधिक चिन्हे जितकी जास्त, तितका लांब तरंगांच्या जंबुपार किरणांना अटकाव जास्त. आणि घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड, किंवा सी. आय. ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे तांबड्या, पिवळ्या व काळ्या लोहरंगांचे क्रमांक शोधावेत. नुसते ‘टिंटेड’ या शब्दावर विसंबू नये. बऱ्याच कंपन्यांची एकुलती एक छटा गोऱ्या त्वचेसाठीच बेतलेली असते आणि सावळ्या गालावर ती नारिंगी दिसते. जबड्याच्या कडेला थोडे लावून, दहा मिनिटे थांबून, दुकानाच्या दिव्याखाली नव्हे तर दाराबाहेर उजेडात पाहावे. फवारा टाळलेला बरा, कारण खनिजांची धूळ श्वासावाटे जाणे इष्ट नाही. छत्री व रुंद काठाची टोपी यांना पर्याय नाहीच. खिडकीची साधी काच आखूड जंबुपार किरण रोखते, पण निळा प्रकाश येऊ देते. बसमध्ये खिडकीशी बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

प्रमाणाची गोष्ट मात्र नेहमी दुर्लक्षिली जाते. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावतात. चेहरा व मान यांसाठी म्हणजे साधारण तर्जनी व मधले बोट भरून. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्मेही लावीत नाहीत, आणि चेहरा करडा दिसण्याच्या धास्तीने सावळी माणसे तर आणखीच हात आखडतात. छटा जुळली की हात मोकळा होतो. उन्हात असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते, आणि पहिले काही मिनिटे वाळू दिल्याशिवाय पांढरा सदरा अंगात घालू नये. गेरूच्या या नातलगाचा कॉलरवर पडलेला डाग सहजासहजी निघत नाही.