ट्रेलर जोडणी (हिच)

ट्रेलर म्हणजे स्वतःचे एंजिन नसलेले, दुसऱ्या वाहनाने ओढले जाणारे वाहन. ते ओढणाऱ्या वाहनास जोडण्याच्या यांत्रिक साधनास ट्रेलर जोडणी किंवा हिच म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागील पट्टीत ट्रॉलीचा दांडा खिळीने अडकवितात, हे तिचे महाराष्ट्रात ऊसवाहतुकीमुळे परिचित असलेले साधे रूप होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत होड्या, घोडे, शेतमाल व फिरती निवासस्थाने यांचे ट्रेलर पिकअप या उघड्या हौद्याच्या हलक्या मालमोटारीने ओढण्याची पद्धत रूढ असल्याने तेथे या साधनाचा विशेष विकास झाला आहे. पुढील वर्णन मुख्यतः त्यास अनुलक्षून आहे.

प्रकार : सर्वांत प्रचलित प्रकारात वाहनाच्या सांगाड्यास मागील बाजूस आडवी पोलादी नळी बोल्टांनी बसवितात. तिच्या मध्यभागी चौकोनी तोंडाची खोबण असते. या खोबणीत गोलक धारण करणारा दांडा सरकवून आडव्या खिळीने पक्का करतात. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाचा पेला गोलकावर बसतो व त्यामुळे वळणावर आणि चढउतारावर दोन्ही वाहनांस आवश्यक ती मोकळीक मिळते. अधिक अवजड ट्रेलरांसाठी हौद्यात, मागील आसाच्या वर किंवा किंचित पुढे, जोडणी बसवितात. ‘गूजनेक’ प्रकारात तेथे गोलक, तर ‘पाचवे चाक’ या प्रकारात खाचेची चकती असते. यात भार आसाच्या मागे लोंबत नसल्याने स्थैर्य अधिक मिळते.

निवड : जोडणीवर दोन प्रकारचे बल येते : ओढीचे आडवे बल आणि ट्रेलरच्या पुढील टोकाचा खाली दाबणारा भार. साध्या गोलक जोडणीत हा उभा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सु. १० ते १५ टक्के असावा लागतो. तो फार कमी असल्यास वेग वाढताच ट्रेलर दोन्ही बाजूंस झोके घेऊ लागतो व प्रसंगी ओढणारे वाहनही उलटते. तो फार जास्त असल्यास वाहनाचा मागील भाग दबतो, पुढील चाके हलकी होतात आणि सुकाणूचा व ब्रेकचा परिणाम घटतो. उदा., पुढील व मागील आसांमध्ये ३·३ मी. अंतर असलेल्या वाहनात मागील आसापासून १·२ मी. मागे २५० किग्रॅ. भार आल्यास पुढील आसावरील भार सु. ९१ किग्रॅ. कमी होतो, तर मागील आसावर सु. ३४१ किग्रॅ. भार वाढतो. भारवाटप जोडणीतील स्प्रिंगदांडे या भाराचा काही अंश पुढील आसाकडे व ट्रेलरच्या आसाकडे परतवितात.

अमेरिकेतील एसएई या संस्थेच्या मानकात ट्रेलरच्या एकूण वजनानुसार चार वर्ग असून त्यांच्या कमाल मर्यादा अनुक्रमे ९०७, १,५८८, २,२६८ व ४,५३६ किग्रॅ. आहेत. तथापि केवळ वरच्या वर्गाची जोडणी बसविल्याने वाहनाची क्षमता वाढत नाही. वाहन, जोडणी, दांडा, गोलक व पेला यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच संपूर्ण जुळणीची क्षमता होय. शिवाय जोडणीवरील उभा भार हा प्रवासी व हौद्यातील माल यांप्रमाणेच वाहनाच्या भारक्षमतेत मोजावा लागतो.

गोलक तेथे सामान्यतः ४७·६, ५०·८ व ५८·७ मिमी. व्यासांचे असतात, यूरोपात ५० मिमी. हे प्रमाण आहे. पेला व गोलक एकाच मापाचे असणे अत्यावश्यक आहे. मोठा पेला लहान गोलकावर बसल्यासारखा दिसतो. परंतु खड्ड्यातील धक्क्याने तो निसटू शकतो.

बसविणे : जोडणी वाहनाच्या सांगाड्यासच बसवितात, पत्र्याच्या भागास नव्हे. निर्मात्याने ठरविलेल्या छिद्रांतून दिलेल्या प्रतीचेच बोल्ट घालतात व ते टॉर्क पान्याने नेमक्या पिळापर्यंत आवळतात. सांगाड्यास उष्णता देणे किंवा छिद्रे ज्योतीने मोठी करणे धोक्याचे असते, कारण त्यामुळे पोलादाचे बल घटते. काही अंतर वाहन चालविल्यावर बोल्ट पुन्हा तपासतात. गोलकाची उंची अशी ठेवतात की, ट्रेलर जमिनीशी समांतर राहील. ट्रेलरचे दिवे चार किंवा सात खिळ्यांच्या विद्युत् जोडाने वाहनास जोडतात. विद्युत् ब्रेक असल्यास सात खिळ्यांचा जोड व चालकाजवळ नियंत्रक लागतो. सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींस छेदून अडकवितात. जोडणी सुटल्यास दांडा रस्त्यावर न आपटता या साखळ्यांच्या झोळीत अडकतो.

ट्रेलर झोके घेऊ लागल्यास वाहनाचे ब्रेक एकदम दाबणे किंवा सुकाणू जोराने फिरविणे घातक ठरते. प्रवेगक हळूहळू सोडून, शक्य असल्यास केवळ ट्रेलरचे ब्रेक लावणे इष्ट असते. त्यानंतर वाहन थांबवून ट्रेलरमधील मालाची मांडणी तपासावी लागते, कारण जड माल आसाच्या मागे गेल्यास निर्दोष जोडणीही असुरक्षित ठरते.